मामांचा कागद

आमच्या वाशीच्या कॉलेजात भित्तिपत्रक मनापासून वाचणारा माणूस एकच, शिपाई किल्लीमामा. काचेच्या कपाटात पानं लावून कुलूप घातलं की चौथी पास मामा काचेवर बोट टेकवून पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायचे. वाचून झालं की निकाल द्यायचे, "सगला बरा हाय. पन या पानांन आमी कुठं हाव?"

मामा तिथल्याच गावचे. नवं शहर वसवायला जमीन गेली आणि रोजंदारीवरची ही नोकरी हातात आली. "या कपाटाचे खाली माजा भाताचा शेत व्हता," असं ते नव्या पोरांना सांगत.

मी भित्तिपत्रकाचा संपादक होतो, डोक्यात हवा गेलेली. "मामा, तुम्ही सांगा, मी लिहितो!" त्यांनी शेताची हकिकत सांगितली, मी त्यांच्याच बोलीत उतरवली. खाली नाव नाही घातलं. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात प्राचार्यांची सही लागायची, आणि सहीला पानं न्यायचे मामाच. या भोळ्या माणसाने कौतुकाने स्वतःचं पान सगळ्यांत वर ठेवलं!

दुसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं. मामा दाराशीच उभे होते. प्राचार्य म्हणाले, "सरकारविरुद्ध हे कोण बोलतंय? नाव सांगा. चारित्र्याचा दाखला माझ्याकडूनच न्यायचाय तुम्हाला."

केवढा शूर संपादक मी! दोन मिनिटं टिकलो नाही. "मामांनी सांगितलं, मी फक्त लिहून घेतलं," म्हणालो आणि त्यांच्यादेखत पान फाडलं.

मामांना त्याच दिवशी काढलं. टेबलावर किल्ल्या ठेवून ते बाहेर आले. मला मान वर करवेना. तर मलाच म्हणतात, "खरा तेच बोललास ना? मंग खाली कशाला बगतंस? मना तो कागद परत लिवून दे. घरात दाखवायचा हाय."

"परीक्षा झाली की देतो," म्हणालो. पुढे दाखला मिळाला, त्याच कॉलेजात प्राध्यापकी मिळाली. कागद काही मी दिला नाही. लाज वाटते सांगायला, पण आज पानांच्या कोपऱ्यात सही करतो तो मीच.

मामा वारल्यानंतर त्यांची सून मुलीच्या प्रवेशासाठी आली होती. कपाटाकडे बघत म्हणाली, "सासऱ्यांचा कागद लिवनारा पोर इथंच शिकत व्हता. मरेपर्यंत वाट बगितली त्यांनी. तुमी वलखता काय त्याला?"

"नाही," म्हणालो, आणि तिच्या अर्जावर सही केली.