ती किंचाळत नव्हती

"सांगा ना दादा, मंग काय झाला?"

पाहुण्यांसमोर पाण्याचा पेला ठेवून ती एवढंच विचारायची आणि ट्रे छातीशी धरून तिथेच उभी राहायची. आमच्या पेणच्या शाळेतली ती शिपाईबाई, मी मुख्याध्यापिका. पाहुण्यांचा चेहरा तुम्ही पाहायला हवा होता.

मुलांनो, 'ब्रेव्हरी'ला मराठीत काय म्हणतात, असं तुम्ही फोनवर विचारलंत. मी 'शौर्य' म्हणाले आणि फोन ठेवल्यावर चुटपुट लागली. जुना कोश काढला. एके काळी या इंग्रजी शब्दाचा अर्थ भपका, उंची पोशाख असाही होता. त्याच्या मुळाशी असलेल्या इटालियन शब्दात तर भाडोत्री गुंडही बसतो. मला नवल वाटलं नाही. आमचे पाहुणे नेहमी कडक इस्त्रीत यायचे.

आता क्रमाने सांगते. ती खाडीकाठच्या मिठागरातल्या घरची. एका उधाणाला गावचा बांध मधोमध फुटला आणि शाळेतून परतणाऱ्या तीन मुली पलीकडे अडकल्या. ती त्या फटीत उतरली. गळ्यापर्यंत पाणी, एका हाताने खुंट धरलेला, दुसऱ्या हाताने एकेक मुलगी अलीकडे. आपल्याकडे धीर 'धरतात', तो असा. तो खांदा पुढे कधी नीट वर गेला नाही.

बांधावर तेव्हा आणखी एकजण होता, मिठागराच्या मालकाचा मुलगा. तो वडखळच्या दिशेने पळाला. माणसं आणायला पळालो, असं म्हणाला असता तरी कुणी नावं ठेवली नसती. पण परतल्यावर त्याने सगळ्यांत धाकटीला खांद्यावर घेतलं आणि गावात शिरला. फोटो छापून आला, शौर्याचं प्रशस्तिपत्र मिळालं. मुलींचे आईबाप त्याच्याच मिठागरावर राबत. ते गप्प राहिले. आणि हिच्याबद्दल तो भाषणात म्हणाला, "एक बाई होती, पण ती बापडी नुसती किंचाळत होती."

ते वाक्य तिने सोडलं नाही.

आमच्या बक्षीस समारंभाच्या पाहुण्यांची यादी मी करत असे. दर वर्षी मालकाच्या त्याच मुलाचं नाव सर्वांत वर मीच लिहिलं; पाहुणा झाल्यावर तो 'ते' झाला. ते शौर्यावर बोलू लागले की ही दारातून विचारायची, "पानी कवरा व्हता, दादा?" एका वर्षी कमरेएवढं, पुढच्या वर्षी डोक्यावरून. "कंच्या हातान धरलात पोरीला?" कधी उजव्या, कधी डाव्या. मुलं खुसखुसत. मी टेबलावर पट्टी आपटत असे, जरा उशिराच. त्यांच्या चहात ती साखर घालत नसे. त्यांनी कधी मागितली नाही.

पुढे त्यांचा रोह्यात सत्कार ठरला. हिचा रजेचा अर्ज आला, कारण: 'शौर्य ऐकायला जाणे.' मी सही केली. रोह्याची गाडी पकडून ती पहिल्या रांगेत जाऊन बसली. तिला पाहून ते चार मिनिटांत खाली बसले म्हणे.

"पुरे कर गं आता," मी एकदा म्हटलं.

"बाई, मी कागद मागतंय का? फोटो मागतंय? किंचालत नव्हती, येवरा एकच बोलू दे त्याला. चार मानसांत."

निवृत्तीनंतर दोनच वर्षांत ती गेली. मी तिच्या गावी पोचले तेव्हा तिरडी बांधून झाली होती. ते पांढऱ्या कपड्यांत आले आणि खांदा द्यायला पुढे झाले. तिची लेक आडवी आली.

"दादा, तुमचा खांदा नको."

"अगो, मी तिला मानत होतो."

"मंग बोला. हितं, सगल्यांसमोर."

सगळं गाव ऐकत होतं. त्यांनी तोंड उघडलं, माणसांकडे पाहिलं आणि मिटलं.  

"बाजूला व्हा," लेक म्हणाली. ते झाले.

पुढचा बांबू मी धरला. बाईने खांदा द्यायची तिथे रीत नव्हती. कुजबुज झाली, पण कुणी अडवलं नाही. त्यांच्या अगदी जवळून आम्ही निघालो. मी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं, मुद्दाम, आणि त्यांनी नजर खाली वळवेपर्यंत पाहत राहिले.