उलटा कोट

सबिना लव्हेलच्या घरातून काही म्हणून बाहेर फेकलं जायचं नाही. फाटका पडदा, खताची रिकामी गोणी, उसवलेले नायलॉनचे मोजे, अंड्यांचे पुठ्ठे, कोंबडीची पिसं, फार काय, कुंपणाच्या तारेला अडकलेली मेंढ्यांची लोकरसुद्धा ती येता-जाता ओढून एप्रनच्या खिशात कोंबायची. ऑक्टोबर अर्धा सरला की हा सगळा पसारा स्वयंपाकघराच्या टेबलावर यायचा आणि त्यातून भुतं तयार व्हायला लागायची. कोंड्याचा मांडा कसा करावा ते या बाईकडून शिकावं. पडद्याची चेटकीण, काळ्या गोणीवर चुन्याने बरगड्या ओढून सांगाडा, लोकरीची दाढी, पुठ्ठ्याचं नाक. काळं तोंड हवं असेल तर चुलीतली काजळी डुकराच्या चरबीत खलायची. भोपळे कोरतात ते अमेरिकेत. समुद्रकाठच्या आमच्या डूनीव्हर गावात सलगम पोखरायचे आणि आत मेणबत्तीचं थोटूक लावायचं. सलगम आकसून सुरकुततो तेव्हा त्याचा चेहरा खरोखर मेलेल्या म्हाताऱ्यासारखा दिसतो. सबिनाचे सलगम तर असे असत की लहान पोरं तिच्या खिडकीवरून जाताना डोळे मिटून घेत.

गावात हॅलोवीनचा खेळ ठरलेला होता. अंधार पडला की वेष घेऊन घरोघर जायचं, आधी पोरं आणि मग मोठी माणसं. घरच्यांनी ओळखायचं. ओळखलं की मुखवटा काढलाच पाहिजे. नाही ओळखलं तर झाकल्या तोंडाने आलात तसे झाकल्या तोंडाने जा, सफरचंद आणि अक्रोड घेऊन. आवाजावरून कोणी पकडू नये म्हणून श्वास आत ओढत बोलायचं. तसं बोललं की सगळ्या गावाचा आवाज एकसारखा होतो, खोल विहिरीतून आल्यासारखा. त्या रात्री दार नुसतं लोटून ठेवायचं आणि चुलीजवळ एक खुर्ची रिकामी सोडायची, कारण गेलेली माणसं घरी येऊन बसतात म्हणे. यावर विश्वास आहे का असं विचारलंत तर गावातला प्रत्येक जण नाही म्हणेल, आणि खुर्ची मात्र रिकामीच ठेवेल.

ओळखण्यात सबिनाच्या नवऱ्याचा हात धरणारा कोणी नव्हता. ऑस्टिन लव्हेल नुसत्या चालीवरून माणूस सांगायचा. बायकोनेच शिवलेले वेष आणि तोच ते उघडे पाडणार, यावरून दोघांची दरवर्षी भांडणं. "तू पोरांना झाकतेस आणि मी उघडं करतो," तो म्हणायचा. "आपलं लग्न जुळलं ते उगाच नाही." तेव्हा त्या घरात हसणं होतं.

दोन मुलगे होते, मायल्स थोरला आणि फेस्टी धाकटा. एका मे महिन्यात, चांगलं ऊन पडलेलं असताना, दोघं जण डांबरी कापडाची होडी घेऊन समुद्रात खेकड्यांसाठी लावलेल्या टोपल्या उचलायला गेले आणि होडी उलटली. उलट्या होडीला धरायला काही नसतं. एकच उपाय, एकाने या बाजूने आणि दुसऱ्याने त्या बाजूने लोंबकळायचं आणि होडीच्या कण्यावरून एकमेकांची मनगटं पकडून ठेवायची. एकाने हात सोडला की एक तरी जातोच. मायल्स होडीसकट खडकांवर आला. फेस्टी आठवड्याने आला, आणि त्याला ओळखायचं काम ऑस्टिनलाच करावं लागलं.

फेस्टीला पुरून आल्यावर ऑस्टिनने थोरल्याला एकच प्रश्न विचारला. "हात कोणी सोडला?" मायल्स जमिनीकडे बघत राहिला. पुन्हा विचारलं, तरी तो बोलेना. तेव्हा ऑस्टिन म्हणाला, "ज्या तोंडातून एवढं उत्तर निघत नाही ते तोंड मला या घरात पुन्हा दिसता कामा नये." शपथ घेऊन म्हणाला, पाद्री समोर बसलेले असताना. मायल्स त्याच संध्याकाळी गेला. पुढे तो इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला बांधकामावर लागला. नाताळला आईच्या नावाने त्याचं कार्ड यायचं, आत फक्त सही. सबिनाने एक पोर समुद्राला दिलं आणि एक नवऱ्याच्या तोंडाला. ती गावाच्या पोरांना सजवत राहिली, कारण हात रिकामे राहिले की ते स्वतःच्याच केसांकडे जायचे.

बऱ्याच वर्षांनी, एका शरद ऋतूत ऑस्टिनची छाती पाण्याने भरायला लागली. डॉक्टरांनी सबिनाला दाराबाहेर नेऊन सांगितलं की नाताळची वाट बघू नका. तिने खाट स्वयंपाकघरात चुलीजवळ ओढली आणि पोस्टात जाऊन कॉव्हेंट्रीला फोन लावला.

"तुझा बाप चाललाय, मायल्स."

"डॅडीने बोलावलंय?"

"नाही."

"मग मला कशाला सांगतेस, मॅम? तोंड दाखवू नकोस म्हणालाय तो. मेल्यावर येतो खांदा द्यायला."

"तोंडच ना दाखवायचं नाही? मग हॅलोवीनला ये. त्या दिवशी या गावात कोणाचंच तोंड दिसत नाही. तुझं मी झाकते."

तिच्या मनात काय होतं ते सरळ होतं. ऑस्टिनच्या तोंडून "मायल्स" एवढं नाव निघायला हवं. नाव निघालं की खेळाच्या नियमाने मुखवटा उतरणार, आणि मग शपथ मोडली तर ती त्याची त्यानेच मोडली, बायकोने नाही की मुलाने नाही. ऑस्टिन चालीवरून माणूस ओळखतो. पोटच्या पोराला ओळखणार नाही? आणि ओळखून नाव घेणार नाही इतका दगड तो आहे का, हे तिला मरायच्या आधी एकदा बघायचं होतं. त्याच्या मरायच्या आधी.

मायल्स अंधार पडता पडता मागच्या गोठ्यात येऊन उभा राहिला. जाडा झाला होता, कानशिलं पांढरी झाली होती. तिने कंदील वर धरला आणि त्याच्या गालावरून हात फिरवला. इतक्या वर्षांनी पोराचं तोंड दिसलं आणि लगेच तिला करावं लागलं ते एकच काम, त्यावर फडकं चढवणं. उशीचा अभ्रा, डोळ्यांना दोन भोकं, तोंडाच्या जागी काजळीची रेघ. हातांना काळे मोजे. अंगात घालायला मात्र अडचण आली. ऑस्टिनचे कोट त्याला खांद्यात बसेनात. घरात मोठ्या मापाचा एकच कोट होता, फेस्टीचा. बुडाला त्या दिवशी ऊन होतं म्हणून खुंटीवरच राहिलेला. सबिनाने तो उलटा केला, अस्तर बाहेर काढलं. आमच्याकडे वेष घेताना कोट उलटा घालायची पद्धतच आहे. अस्तराकडे कधी कोणाचं लक्ष जातं? तिचंही गेलं नाही.

"हा कोणाचा?" मायल्सने विचारलं.

"जुना आहे," ती म्हणाली. "हात वर कर."

गावातली मोठ्या माणसांची टोळी आली तेव्हा सबिनाने त्याला मागून हळूच त्यांच्यात मिसळून दिलं. प्रत्येकाला वाटलं की हा दुसऱ्याचा कोणी पाहुणा. ऑस्टिनला उशांना टेकवून बसवलं होतं. दम लागत होता, पण डोळे तेच होते.

"ही चेटकीण रोज दाढी करते वाटतं," तो म्हणाला. "थॅडी, गळ्यावरचा वस्तऱ्याचा काप झाकायचा राहिला रे."

थॅडीने शिव्या घालत नाक काढलं.

"आणि ही नवरी! एवढ्या मोठ्या पायांची नवरी या परगण्यात एकच. काढ तो बुरखा, कोलमन. तुझ्या आईला तुझं लग्न बघायचं होतं हे खरं, पण असं नव्हे गड्या."

सगळे हसले. सबिना अक्रोडांचं भांडं घेऊन उभी होती. एकेक जण उघडा पडला, एकेक घोट व्हिस्की झाली, आणि टोळी पुढच्या घराकडे निघाली. दाराजवळ एक तेवढा उरला.

ऑस्टिन त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिला.

"इकडे ये," तो म्हणाला. "उजेडात."

मायल्स खाटेजवळ गेला. ऑस्टिनने हात पुढे केला, तो अभ्र्याकडे नाही, कोटाकडे. काखेखाली अस्तराला शिडाच्या कापडाचं ठिगळ होतं, जाळं विणायच्या दोऱ्याने आणि जाळ्याच्याच गाठींनी शिवलेलं. बायका तसं शिवत नाहीत. ते शिवलं होतं ऑस्टिनने, एका हिवाळ्यात, धाकट्याने कोट तारेत अडकवून फाडला आणि आईला सांगू नको म्हणाला तेव्हा. ठिगळ सबिनाने आज पहिल्यांदा पाहिलं. तिने हयातभर इतरांना झाकलं, आणि नेमका या एकाला झाकताना भलताच माणूस उघडा केला.

ऑस्टिनची बोटं त्या गाठींवरून फिरली. चेहऱ्यावरचा सगळा कडवटपणा उतरला.

"फेस्टी?" तो म्हणाला. "आलास तू?"

चुकीचं नाव घेतलं की नकाराची मान हलवायची, हा नियम. मायल्सने मान हलवली नाही. त्याने सबिनाकडे पाहिलं, भोकांतून नुसते डोळे. ऑस्टिनने त्याला ओढून रिकाम्या खुर्चीत बसवलं.

"थंडी वाजते का रे तुला?"

"आता नाही," श्वास आत ओढत उत्तर आलं. त्या आवाजाला मालक नव्हता, तो कोणाचाही असू शकला असता.

"एक सांग मला. तुला सांगायला हरकत नाही आता. हात कोणी सोडला? मी त्याला विचारलं, तो एक शब्द बोलला नाही."

चुलीत टर्फची, म्हणजे जळणाच्या वाळक्या मातीची, वीट ढासळली. सबिनाला वाटलं आपण ओरडावं, अभ्रा ओढून काढावा, हा खेळ बंद करावा. ती जागची हलली नाही. तिलाही तेवढीच वर्षं तेच ऐकायचं होतं.

"मी सोडला, डॅडी," खुर्चीतला म्हणाला. "बोटं बधिर झाली होती. मायल्स धर धर म्हणून ओरडत होता. त्याने नाही, मीच सोडला."

ऑस्टिन रडला. बायकोसमोर तो आजवर रडला नव्हता, पोराला पुरतानाही नाही. "आणि मी त्याला घराबाहेर काढलं," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "कुत्र्यासारखं काढलं. तो तुझ्यावर दोष यायला नको म्हणून गप्प राहिला असणार, आणि मी... सबिना! अगं सबिना, पोस्टात जा, त्याला फोन कर. ये म्हणावं. चांगला उघड्या तोंडाने ये म्हणावं बापाच्या घरात."

"फोन कशाला?" सबिनाच्या तोंडून निघून गेलं. "तो आलाय इंग्लंडहून. गावातच आहे. याला वाटेला लावते आणि त्याला आणते."

तिने मायल्सला कोपराला धरून बाहेर काढलं आणि घराच्या मागे नेलं. तिला हसू येत होतं आणि रडूही.

"काढ ते," ती म्हणाली. "लवकर. काजळी लागलीय ती धू आणि पुढच्या दाराने आत ये. आताच आलो म्हण. कोट मी गोठ्यात लपवते, त्याला कधी कळायचं नाही."

"हो, मॅम," मायल्स म्हणाला, आपल्या स्वतःच्या आवाजात.

ती आत जाऊन घमेल्यात गरम पाणी, साबण आणि स्वच्छ टॉवेल घेऊन आली. कोट मागच्या बुटक्या भिंतीवर नीट घडी करून ठेवलेला होता. त्यावर अभ्रा, आणि अभ्र्यावर दोन्ही मोजे.

तिने गोठ्यात पाहिलं. हाक मारली, फार मोठ्याने नाही. रस्त्यावर खाली एका गाडीचा दिवा थांबला, दार आपटलं आणि गाडी स्टेशनाकडे गेली. सबिना घमेलं धरून उभी राहिली आणि तिला सगळं लख्ख कळलं. ज्याच्यावर खोटा आळ आला असेल तो माणूस आज त्या दारातून धावत आत गेला असता. पळाला तो, ज्याने हात सोडला. बापाला शांत मरू द्यावं म्हणून मेलेल्या भावाच्या तोंडून खोटं बोलण्याइतका तो चांगला होता, आणि त्या खोट्याच्या जोरावर बापाच्या मिठीत शिरण्याइतका निर्लज्ज नव्हता. तिला त्याचा भयंकर राग आला, आणि तेवढीच मायाही आली. पाणी तिच्या पायांवर सांडलं.

ती आत गेली. ऑस्टिनने स्वतःच स्वतःला वर ओढून घेतलं होतं. ओल्या हाताने केस बसवले होते, सदऱ्याचं वरचं बटण लावलं होतं. डोळे दाराला लागलेले.

"आला का?"

सबिनाने दार नुसतं लोटलं.

"तोंड धुतोय," ती म्हणाली.

"धुऊ दे," ऑस्टिन म्हणाला. "सावकाश धुऊ दे त्याला. मी जागा आहे."