आर्डिसबाईंचा रंग

आमच्या विलो फोर्क काउंटीच्या प्रोबेशन खात्याच्या प्रमुख आर्डिस टोलेफसन यांना प्लॅस्टिकच्या पेल्यात लघवी करायला मी लावलं. माझ्या हातून झालेलं मोठं काम म्हणाल तर एवढंच, आणि तेही रागाच्या भरात झालं.

तेव्हा मी स्वतः प्रोबेशनवर होतो. दारू पिऊन गाडी चालवताना तिसऱ्यांदा सापडलो, तेव्हा कोर्टानं मला तुरुंगाऐवजी घरी राहू दिलं, पण दोरी या खात्याच्या हातात ठेवली. एक चूक झाली की टांगलेली शिक्षा खाली यायची. रोज पहाटे पाच ते सातच्या दरम्यान एका नंबरला फोन करायचा. प्रत्येकाला एक रंग ठरवून दिलेला असायचा आणि यंत्रावर त्या दिवशीचा रंग ऐकू यायचा. आपला रंग पुकारला असेल तर सात ते नऊमध्ये कोर्टाच्या तळघरात हजर व्हायचं आणि कुणाच्या तरी देखत पेल्यात नमुना द्यायचा. नाही आलात तर प्यायला होतात असंच धरलं जायचं. माझा रंग तपकिरी होता.

एका सोमवारी माझा रंग पुकारला गेला, आणि बाई त्याच दिवशी खात्याच्या प्रमुख झाल्या होत्या. बाविसाव्या वर्षी याच तळघरात टायपिस्ट म्हणून लागल्या, त्रेचाळिसाव्या वर्षी प्रमुख. उंच, रुंद खांद्यांची, शेतकऱ्याच्या घरची बाई. रांगेपाशी येऊन आम्हाला समजावू लागल्या की ही तपासणी म्हणजे शिक्षा नव्हे, मदत आहे. ते ऐकून माझं डोकं फिरलं.

"मॅडम," मी म्हणालो, "तुम्ही कधी दिलीय का अशी लघवी, मागे कुणीतरी घसा खाकरत उभं असताना? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण."

रांग हसली. बाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि तपासणीच्या खोलीतल्या बेव्हला विचारलं, "पेला कुठे असतो?"

"आर्डिस, चेष्टा करतोय तो मेला. सोड."

"तो करत असेल. मी नाही करत. चल आत."

वीस मिनिटं लागली. बाहेर आल्या तेव्हा कान लाल झाले होते.

"नाव काय तुझं?"

"ऑरिन व्हॉस."

"रंग?"

"तपकिरी."

"आजपासून माझाही तपकिरी."

आम्हाला वाटलं, नव्याचे नऊ दिवस. पण बाई रोज पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी, चुलीवर कॉफीचं पाणी ठेवून, फोन करायच्या. ऐकलेला रंग स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहायच्या, आणि तपकिरी असला की येऊन आमच्या रांगेत शेवटी उभ्या राहायच्या. एकदा ताप अंगात असताना आल्या, एकदा आईच्या दफनाच्या दिवशी काळ्या कपड्यांत आल्या. काउंटीच्या बोर्डातले लोक म्हणायचे, आर्डिसचा एक स्क्रू ढिला आहे. शेरीफ म्हणायचा, ती गुन्हेगारांचे लाड करते. लाड कसले. स्वतःच्या मावसभावाच्या मुलाला दोनदा तुरुंगात धाडलं होतं तिनं, आणि तेव्हापासून थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या जेवणाला अर्ध्या नातेवाइकांकडे तिचं ताट मांडत नव्हते.

तिचा हट्ट एकच होता. माणसाला आत पाठवायचं तर आपली खात्री असली पाहिजे. खात्यातल्या कुणीही अटकेचा अर्ज केला की तो सहीला तिच्याकडे जायचा, आणि ती पहिला प्रश्न विचारायची, "तो काय म्हणाला?" सगळे ठरलेलं उत्तर द्यायचे, "ते काय, सगळे म्हणतात तेच." मग ती म्हणायची, "पण तो काय म्हणाला?"

माझी दारू सुटली. का सुटली ते मला नीट सांगता येणार नाही, पण आपल्यामागे खात्याची प्रमुख पेला धरून उभी असेल तर माणसाला बहाणे सुचेनासे होतात. पाच वर्षांनी बाईंनी मलाच कामावर घेतलं. रोज पाचच्या आत तळघरात यायचं, यादीत बघून यंत्रावर त्या दिवशीचा रंग बोलायचा, आणि शनिवारी शिक्षेचं काम करायला येणाऱ्यांची टोळी घेऊन रस्त्यावर जायचं. "तुझा आवाज रेड्यासारखा आहे," त्या म्हणाल्या, "अर्धवट झोपेतल्यालाही कळेल." नऊ वर्षं मी ते काम चोख केलं.

मग २०१२ सालच्या जानेवारीतला तो मंगळवार आला. पारा उणे तीसवर होता. आमच्याकडे हिवाळ्यात गाडीच्या नाकातून एक वायर लोंबत असते. झोपण्याआधी ती घराच्या भिंतीतल्या प्लगमध्ये लावायची, म्हणजे रात्रभर इंजिन ऊबदार राहतं. शाळेतल्या पोरालाही हे ठाऊक असतं. मी लावायला विसरलो. पहाटे गाडी दगड झालेली. शेजाऱ्याला उठवायची लाज वाटली, कारण वायर विसरलेल्या माणसाला इथे वसंत येईपर्यंत चिडवतात. शेवटी उठवलंच. तळघरात पोचलो तेव्हा सहा वीस झाले होते. यंत्रावर अजून सोमवारचा रंग होता, हिरवा. मी घाईनं 'तपकिरी' असं बोललो आणि गप्प बसलो. हिरव्यातलं कुणी चुकून आलं नाही, दिवसभर कुणाची तक्रारही आली नाही. म्हटलं, सुटलो.

गुरुवारी कर्ट वाइबोल्डला गोठ्यातून उचललं. कर्ट चौतीस वर्षांचा, एका दुधाच्या फार्मवर गडी. आधी अमली पदार्थांत बुडालेला, पण चौदा महिने स्वच्छ होता. नाताळनंतर बारा वर्षांची मुलगी त्याच्याकडे परत राहायला आली होती. डोक्यावर चार वर्षांची शिक्षा टांगलेली. रंग तपकिरी. मंगळवारी तो आला नव्हता. त्याच्यावर देखरेख करणारा अधिकारी किप ड्युरंट, तरुण आणि चटपटीत. त्यानं बुधवारी अर्ज केला. बाई दोन दिवस राजधानीत बैठकीला गेल्या होत्या, म्हणून उपप्रमुखानं सही केली. त्या परत आल्या त्या शुक्रवारी सकाळी.

मी कॉफी ओतत होतो तेव्हा बाईंचा आवाज ऐकला.

"किप, तो काय म्हणाला?"

"सगळे म्हणतात तेच. म्हणे, दूध काढायच्या आधी पाच वाजून पाच मिनिटांनी फोन केला आणि हिरवा ऐकला."

बाईंनी हातातली बॅग खाली ठेवली. मग म्हणाल्या, "मंगळवारी मीही हिरवाच ऐकला. कॅलेंडरवर लिहिलाय. बेव्ह, मंगळवारची यादी आण."

बेव्ह यादी घेऊन आली ती ओशाळं तोंड करून. तपकिरी रंगाचे तेरा लोक, आलेले अकरा. न आलेल्यांत कर्ट वाइबोल्ड आणि आर्डिस टोलेफसन. "तू बैठकीच्या गडबडीत असशील म्हणून तुझं नाव पुढे पाठवलं नाही," बेव्ह म्हणाली.

"कर्टचं पाठवलंस."

बेव्ह यादीची घडी घालू लागली. बाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "ऑरिन, मंगळवारी यंत्र किती वाजता बदललंस?"

एकोणसाठ वर्षांचा मी, तीन गुन्हे नावावर, हे काम गेलं तर कोण उभं करणार होतं मला?

"पाचला," मी म्हणालो. "नेहमीसारखं."

बाईंनी मान हलवली आणि कोट घातला. त्याच दिवशी त्यांनी न्यायाधीशांकडे कर्टला सोडण्याची विनंती केली. उत्तर आलं, सोमवारी नऊला सुनावणी आहे, तेव्हा पुरावा आणा. शनिवारी त्या फार्मवर जाऊन कर्टच्या मालकाला भेटल्या. मग आलेल्या अकराही जणांना एकेक करून गाठलं. कुणी चर्चच्या दारात सापडला, कुणी मासे पकडायला गोठलेल्या तळ्यावर बसलेला. बर्फावरून चालत जाऊन एकच प्रश्न विचारला, मंगळवारी फोन किती वाजता केलास? हे सगळं गावभर पसरलं. चोराच्या मनात चांदणे. फोन वाजला तरी मी दचकत होतो.

रविवारी दुपारी त्यांची गाडी माझ्या दारात थांबली. हातात लिंबाच्या वड्यांचा डबा होता. आत या म्हटलं तर आल्या नाहीत. माझ्या गाडीच्या नाकातून भिंतीपर्यंत गेलेल्या वायरकडे त्यांनी पाहिलं.

"मंगळवारी थंडी फार होती," त्या म्हणाल्या.

"हो."

"अकराही जणांनी साडेसहानंतर फोन केला होता, ऑरिन. त्याआधी फोन करणारे तपकिरीतले दोघंच. एक मी, एक कर्ट. आधी यंत्रावर काय होतं ते त्या अकरांना सांगता येत नाही." त्यांनी डबा माझ्या हातात दिला. "उद्या कोर्टात मला माहीत आहे तेवढं सांगणार. जे मी पाहिलं नाही, ते मला सांगता येत नाही. ते ज्यानं पाहिलं त्यानंच सांगायचं असतं."

"आणि कुणी सांगितलंच नाही तर?"

"तर माझं कॅलेंडर आहे. एका कॅलेंडरवर न्यायाधीश विश्वास ठेवतील की नाही, ते मला ठाऊक नाही."

त्या गेल्या. मला स्वतःची लाज वाटली, आणि खरं सांगतो, त्याहून जास्त तिचा राग आला. दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. वड्यांचा डबा न उघडताच मेजावर ठेवून दिला.

सोमवारी कर्ट नारिंगी कपड्यांत, हातात बेड्या घालून बसला होता. मागच्या बाकावर त्याची मुलगी आत्याला चिकटून बसलेली. आर्डिसबाई उभ्या राहिल्या.

"न्यायाधीश महाराज, त्या दिवशी दोघांनी तपासणी चुकवली. एक तिथे बेड्यांत बसलाय. दुसरी तुमच्यासमोर उभी आहे. दोघांनीही फोन केला आणि दोघांनीही हिरवा ऐकला. माझ्या खात्यात यंत्र उशिरा बदललं गेलं असं मी म्हणते. जबाबदारी माझी आहे."

न्यायाधीश मॅरियन स्ट्रांड यांनी चष्मा काढला. "आर्डिस, याला पुरावा?"

"माझं कॅलेंडर."

सरकारी वकील उठला. "टोलेफसनबाईंबद्दल पूर्ण आदर आहे. पण ज्यांनी स्वतः तपासणी चुकवली त्यांचंच कॅलेंडर पुरावा म्हणून घ्यायचं? उद्या प्रत्येक जण कॅलेंडर घेऊन येईल."

"यंत्र कोण बदलतं?" न्यायाधीशांनी विचारलं.

"माझं खातं," बाई म्हणाल्या. माझं नाव घेतलं नाही आणि माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही.

मला त्या मुलीच्या बुटांकडे बघवत नव्हतं. एका बुटाची नाडी सुटली होती आणि बांधायची कुणाला शुद्ध नव्हती. मी उठलो.

"मी बदलतो," माझा रेड्याचा आवाज फुटला. "गाडीची वायर लावायला विसरलो होतो. सहा वीसला पोचलो. शुक्रवारी बाईंनी विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. शेजाऱ्यानं गाडी ढकलली, त्याला विचारा."

वायरीचं ऐकून मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. न्यायाधीशांनी मला पुढे बोलावलं, शपथ घेऊन सगळं पुन्हा सांगायला लावलं, शेजाऱ्याला फोन करवला. अकराच्या सुमारास कर्टच्या बेड्या निघाल्या.

बाहेरच्या पॅसेजमध्ये आर्डिसबाई त्याच्यासमोर गेल्या. "चूक आमची होती, कर्ट. तू खरं सांगितलंस आणि आम्ही ऐकलं नाही. चार रात्री गेल्या तुझ्या, त्या मला परत देता येणार नाहीत."

कर्ट मुलीच्या डोक्यावर हात ठेवून उभा होता. "गायींचं दूध कुणी काढलं?"

"मालकाच्या बायकोनं. तुझ्या नावानं शिव्या घालत."

"मग ठीक आहेत गायी," तो म्हणाला.

माझी नोकरी गेली नाही. बाईंनी फाइलमध्ये कडक पत्र लावलं, आणि म्हणाल्या, पत्र उशिरासाठी नाही, शुक्रवारच्या उत्तरासाठी आहे. नियमांच्या कागदावर डोक्यावर टांगलेली शिक्षा नसलेल्यानं पहिली तपासणी चुकवली तर एक दिवस टोळीत काम असं लिहिलेलं होतं. त्या शनिवारी माझ्या टोळीत नारिंगी जाकीट घालून त्या हजर झाल्या आणि आगीच्या बंबाला पाणी देणारे रस्त्याकडेचे नळ बर्फातून उकरत बसल्या. मी म्हणालो, "तुम्ही फोन केला होतात. तुमचा काय दोष?"

"चौदा वर्षं यंत्रावर नुसता रंग बोलला जातोय. तारीख नाही, वार नाही. शिळा रंग कुणाला कळणार? हे मला पहिल्या दिवशी सुचायला हवं होतं." त्यांनी फावडं बर्फात रोवलं. "सोमवारपासून वार, तारीख, आणि बोलणाऱ्याचं नाव."

"नाव कशाला?"

"नाव घेतलं की माणूस वेळेवर येतो. आता तो पलीकडचा नळ कोण उकरणार?"

सोमवारी मी पावणेपाचला पोचलो. घसा साफ केला आणि बोललो, "सोमवार, सहा फेब्रुवारी. आजचा रंग तपकिरी. बोलतोय ऑरिन व्हॉस." स्वतःचं नाव घेताना जीभ जड झाली. सातच्या रांगेत कर्ट पुढे, बाई त्याच्यामागे. कर्ट बाजूला सरकला, "बाई, तुम्ही आधी जा."

"रांग आहे ना? जा तू. मला अजून लागलेलीही नाही."

बाई निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. नवे प्रमुख चांगले आहेत, पण त्यांना रंग नाही. तपासणीशी आता बाईंचा काही संबंध राहिलेला नाही. तरी रोज पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी कुणाचा तरी फोन येऊन यंत्राचा लाल दिवा लागतो, वार, तारीख आणि माझं नाव ऐकण्याइतका वेळ राहतो आणि विझतो. कोण आहे ते मी कधी विचारलेलं नाही. मी तोवर येऊन खुर्चीत बसलेला असतो.