आईचं दूध चाललं

बाळ येशूच्या पायांना आईचे ओठ लागणार, एवढ्यात कप्तानीणबाईंनी मूर्ती वर उचलली.

आई तशीच वाकलेली. डोळे मिटलेले. तिला कळलंच नाही. तिनं हवेचाच मुका घेतला.

मागं कुणीतरी फिसकन हसलं.

"तुम्ही दोघी बाहेर थांबा," बाई हळूच म्हणाल्या. "बाकीच्यांना अजून मुका घ्यायचाय."

नाताळची सकाळ होती. पुण्याच्या पूर्वेला, नागझरीपलीकडं, पेशव्यांच्या तोफखान्यातल्या किरिस्तांव गोलंदाजांची वस्ती होती. तिथं गवतानं शाकारलेलं त्यांचं देऊळ. मी तेव्हा आईच्या खांद्याला लागायची. आई ताठ झाली, माझा हात धरला आणि भरल्या देवळातून आम्ही बाहेर आलो. लोकांनी वाट दिली. आदरानं नव्हे. अंगाला अंग लागू नये म्हणून.

आम्ही महार. मूळचे खडकीच्या वेशीबाहेरचे. बाप तोफा ओढणाऱ्या बैलांच्या मागं असायचा, म्हणून या वस्तीच्या कडेला आमची झोपडी. एका मोहिमेवर गेला तो परत आलाच नाही. आई तेव्हा पोटुशी. पोर झालं आणि चार दिवसांत गेलं. दूध मात्र थांबेना. छाती दगडासारखी व्हायची. आई भिंतीकडं तोंड करून दूध मातीत पिळायची आणि रडायची.

त्याच दिवसांत तोफखान्याच्या कप्तानाच्या घरी मुलगा झाला. बाईंना बाळंतज्वर. अंगावर थेंब नाही. गाईचं दूध पोराला पचेना. वस्तीत दुसरी ओली बाळंतीण नव्हती. पाद्रीबाबा आमच्या दारात आले.

"लेकरू मरतं गो," म्हणाले. "येतेस?"

आई उठली. काय देणार, विचारलं नाही. चूल तशीच सोडून निघाली.

बाई मूळच्या गोव्याच्या बामणांतल्या. किरिस्तांव होऊन पिढ्या झालेल्या, पण जात घरात होती तशीच. पोर निपचित पडलेलं, तरी त्या तापातून बोलल्या, "बाप्तिस्मा नसलेल्या बाईचं दूध नको." मग पाद्रीबाबांनी अंगणातच आईच्या नि माझ्या डोक्यावर पाणी ओतलं. आम्ही किरिस्तांव झालो. आमच्या जिवाच्या उद्धारासाठी नाही. दुधासाठी.

आईला मात्र ते सगळं खरं वाटलं. पाद्रीबाबांनी तिला येशूच्या जन्माची गोष्ट सांगितली. दिवस भरलेली बाई दारोदार फिरली, कुणी जागा दिली नाही, शेवटी गोठ्यात बाळंत झाली. आई ऐकता ऐकता ढसाढसा रडली.

"ही बाय आपल्यातलीच हाय गं," मला म्हणाली.

वर्षभर ती रोज गेली. मागच्या पडवीत बसायची. बाई पोराला गोधडीवर ठेवायच्या आणि मागं सरायच्या. मग आई उचलायची. दूध चांगलं यावं म्हणून तिला खीर मिळायची, मेथीचे लाडू मिळायचे. भांडं वेगळं. ते पडवीच्या वळचणीला पालथं असायचं. पोर गुटगुटीत झालं. आईला बघितलं की हातपाय झाडायचं. आई त्याला राजा म्हणायची. स्वतःच्या गेलेल्या पोराचं नाव तिनं पुन्हा कधी काढलं नाही.

म्हणून त्या नाताळला ती मुका घ्यायला पुढं झाली होती. आपणही यातल्याच, असं समजून.

मिस्सेची प्रार्थना संपली. बाई देवळाच्या पायरीवर आल्या. मागं टोपल्या. नाताळचं दान. खाली गरिबांची रांग, रांगेपासून लांब आम्ही. आमच्याकडं बाईंनी एक लुगडं आणि नेवऱ्यांची पुरचुंडी भिरकावली. नेवऱ्या म्हणजे त्यांच्या करंज्या.

"तुला इतरांपेक्षा जास्त दिलंय हो," बाई म्हणाल्या.

पोर त्यांच्या कडेवर होतं. आईला बघून ते झेपावलं. दोन्ही हात पुढं. रडून रडून लालभडक झालं. आईचेही हात आपोआप वर गेले.

बाईंनी पोराचं तोंड दुसरीकडं वळवलं. "आता त्याची सवय मोडायला हवी. उद्यापासून येऊ नकोस."

आईची चोळी दोन्हीकडून भिजली होती. तशीच, सगळ्यांसमोर, ती उभी राहिली.

मी पाद्रीबाबांकडं गेले. विचारलं, "दूध चाललं, मग ओठ का नाही?"

ते म्हणाले, "येशूला तुम्ही सगळे सारखेच, बाय. पण ही माणसं देवळात यायची बंद होतील. मग मी काय करू?"

कप्तानीणबाई शहरात गेल्या की पेठेतल्या बायका पदर सावरून बाजूला होत. किरिस्तांव म्हणून. मी ते डोळ्यांनी पाहिलंय. बाईंचा चेहरा कसा उतरायचा, तेही. अपमानाचा तो घोट त्यांनीही गिळला होता. तोच आमच्या तोंडात ओतताना त्यांचा हात अडखळला नाही.

पुढं आई वस्तीतच शेण काढायला लागली. दर नाताळला मात्र देवळासमोर जायची. दानासाठी नाही. पोर दिसावं म्हणून. मी चिडायची. ती म्हणायची, "निस्तं बघून येऊ. त्यात काय जातंय?"

अशी काही वर्षं गेली. मग एका नाताळला दान वाटायला पोरगाच पायरीवर उभा राहिला. अंगात जरीचा अंगरखा, पायांत बूट. बाई मागं उभ्या राहून त्याला शिकवत होत्या. कुणाच्या हातात द्यायचं, कुणाला वरून टाकायचं.

आई पुढं झाली. जरा जास्तच पुढं झाली.

"ए, लांब राहा," पोरगा म्हणाला. आणि वरून नेवरी टाकली.

आईनं ती पदरात झेलली. हसली. "केवढा झालाय बघ," मला म्हणाली.

माझ्या डोक्यात काहीतरी तुटलं. मी तिच्या पदरातून नेवरी उचलली, पायरीवर त्याच्या बुटांशी ठेवली.

"आम्हाला नको. या बाईच्या अंगावर पिऊन तू जगलास. तिला लांब राहा म्हणतोस?"

पोरग्यानं मागं वळून बघितलं. "आई, खरं?"

त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

"खोटं बोलते ती," बाई म्हणाल्या. चेहरा पांढराफटक.

पोरग्यानं मग माझ्या आईकडं बघितलं. थेट. आता आई सांगेल, असं मला वाटलं.

आई म्हणाली, "पोर येडी हाय, धनी. खोटं बोलती. तुमी जावा आत, ऊन लागंल."

पोरग्याचा जीव भांड्यात पडला. माझा कुठं पडला, मला आजही सांगता येत नाही.

वाटेत मी तिला बोल बोल बोलले. तिनं ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाली, "सणाच्या दिशी त्येच्या तोंडाची रया गेली हुती गं. मला बघवंना."

त्याच उन्हाळ्यात आई गेली. पाद्रीबाबांनी प्रार्थना म्हटली. पुरलं मात्र कबरस्तानाच्या कुंपणाबाहेर. बाईंनी मेणबत्त्या पाठवल्या होत्या. मी परत पाठवल्या.

देवळातल्या कुणीही केली नसेल अशी प्रीती त्या दिवशी माझ्या आईनं केली. हे मला कळतं. पण ती करताना तिनं स्वतःलाच पुसून टाकलं. आमच्याकडून प्रीती मागतात ती हीच. आम्ही द्यायचं, आणि दिलंच नाही असंही आम्हीच म्हणायचं.

मी येशूला सोडलेलं नाही. नाताळ माझ्या झोपडीत होतो. येईल तो माझ्या शेजारी बसून जेवतो. बाई आल्या तर त्यांनाही वाढीन, हातात देईन. पण प्रीतीखातर खोटं बोलणार नाही. पोरगा आता मिसरूड फुटलेला गोलंदाज झालाय, घोड्यावरून फिरतो. ज्या दिवशी समोर येईल त्या दिवशी मी बाजूला होणार नाही. लगाम धरीन, माझ्या आईचं नाव घेईन, आणि तिनं नाकारलेलं सगळं त्याला भर रस्त्यात सांगेन. त्याच्या तोंडाची रया गेली तर जाऊ दे.