पलीकडच्या पेठेचा जावई

माझं लग्न ठरलं तेव्हा आमच्या पेठेत दोन दिवस कुणी माझ्याशी धड बोललं नाही. मुलगी शिकलेली, स्वभावानं मोकळी, घरच्यांना पसंत. खोट एकच, ती पलीकडच्या पेठेतली होती. आमच्या कोल्हापुरात मानपानाला तोड निघते, मुहूर्ताला निघते, आचारी आणि व्याही यांच्या भांडणालाही निघते. फुटबॉलला निघत नाही.

त्यात सासरा म्हणजे पलीकडच्या पेठेचा जुना गोलकीपर. अन् मी आमच्या पेठेचा गोलकीपर, पण दुसऱ्या नंबरचा. म्हणजे सात वर्षं बाकावर बसून केळी खाणारा. मुलगी बघायला गेलो तेव्हा सासऱ्यांनी नोकरीचं काही विचारलं नाही, उंची विचारली. पाच फूट सात म्हटल्यावर म्हणाले, "गोलकीपरला कमी हाय," आणि पोह्यांची बशी पुढं सरकवली. मी त्यांना मामा म्हणायला लागलो, ते मला पावणं म्हणायला लागले. अहो-जाहो करत सहा वर्षं आमचं बरं चाललं होतं. ते माझ्या खेळाविषयी बोलायचे नाहीत, मीही खेळायचो नाही.

मग ती स्पर्धा आली. देशभरातल्या हौशी क्लबांसाठी नॉकआउट कप. हरला की घरी, दुसरी संधी नाही. जिल्ह्यातून एकच संघ जाणार होता, आणि त्या वर्षी आमची पेठ जिंकल्यामुळं आम्ही गेलो. पलीकडची पेठ दुसरी आली. त्यांच्या म्हणण्यानुसार रेफरी आंधळा होता.

कपाची एकच मोठी अट होती. खेळाडू खरोखर हौशी पाहिजे. पोटासाठी दुसरं काहीतरी करतो, असा प्रत्येकाचा दाखला पाहिजे. आमचा मॅनेजर भांड्यांचा व्यापारी होता. जैन माणूस, तोंडातून कधी वावगा शब्द नाही, पण रागावला की पातेली जोरात आपटून ठेवायचा. त्यानं आम्हाला दुकानात बोलावलं आणि दाखले मागितले.

कॅप्टन गडमुडशिंगीचा. पहाटे सहा म्हशींची धार काढून, दूध घालून मग सरावाला यायचा. तो म्हणाला, "मला दाखला कोण देणार? म्हशीचा अंगठा आणू काय?" शेवटी दूध संस्थेच्या सचिवानं लिहून दिलं. मी गारगोटीला शाळेत भूगोल शिकवतो. आमच्या मुख्याध्यापकांनी लिहिलं, 'सदर शिक्षक फुटबॉल खेळून पैसे मिळवत असावेत, असे त्यांचा खेळ पाहता वाटत नाही.' मी म्हटलं, "सर, एवढं लिहायची गरज नव्हती." ते म्हणाले, "खरं लिहिलं की शिक्का मारायला हात कापत नाही."

अडकला तो आमचा पहिला गोलकीपर. तो बाहेरच्या राज्यातून आणलेला, पेठेनं ठेवलेला. सहा फूट दोन इंच. गोल अडवण्यापलीकडं तो आयुष्यात काही करत नव्हता, आणि तसा दाखला या स्पर्धेत चालत नव्हता. मॅनेजरनं एक पातेलं आपटलं आणि सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी तेव्हा फुकटच्या चहाचा दुसरा कप घेत होतो.

घरी सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, "अहो, मग आता खरंच खेळणार तुम्ही?" त्या 'खरंच'मध्ये सात वर्षांचा हिशोब होता. तिनं लगेच बाबांना फोन लावला. तिनं सगळं सांगून टाकलं. मग मामा एवढंच म्हणाले, "अंबाबाई हाय."

पहिली मॅच कोल्हापुरातच होती, केरळच्या एका क्लबाशी. रिक्षावाले, बेकरीत काम करणारे, एक शाळामास्तर, आमच्यासारखीच पोटापाण्याला लागलेली मंडळी. ती चार दिवस आधी आली आणि इथंच खरा खेळ सुरू झाला. पलीकडच्या पेठेनं त्यांना स्टेशनवरच हार घातले. सरावाला स्वतःचं मैदान दिलं. मटणाचं जेवण दिलं, जेवताना कुणाला ठसका लागला की पाठीवर चापटी मारायला वेगळा माणूस ठेवला. आमच्या विरुद्ध जो कोणी खेळेल तो त्यांचा पाहुणा, मग तो केरळचा असो नाहीतर चंद्रावरचा.

मॅचच्या दिवशी दुपारी स्टेडियमवर गेलो तर गोलच्या मागची अख्खी बाजू पलीकडच्या पेठेची. हातात त्यांचे झेंडे, त्यांच्या शेजारी केरळच्या क्लबाचे झेंडे, तेही त्यांच्याच टेलरनं शिवलेले. घोषणासुद्धा मल्याळममध्ये. हायवेवरच्या एका मल्याळी टायरवाल्याकडून ते चार शब्द शिकून आले होते. पाहुण्यांचा सेंटर फॉरवर्ड हसून हसून खाली बसला. नंतर त्यांच्या मास्तरनं मला सांगितलं, त्या घोषणेचा अर्थ 'मागच्या चाकात हवा कमी आहे' असा होता.

त्या गर्दीत मध्यभागी, डोक्याला पेठेच्या रंगाचा रुमाल बांधून, माझे सासरे उभे होते. मी हात केला. त्यांनी आभाळाकडं बघितलं.

मॅचबद्दल मी फार बढाई मारत नाही. पहिल्या अर्ध्या तासात त्यांचा एक गोल झाला. बॉल माझ्या दोन्ही पायांमधून गेला. मागून कुणीतरी ओरडलं, "मास्तर, पृथ्वी गोल हाय, पण आत घेऊ नगा की!" दुसऱ्या अर्ध्यात आमच्या कॅप्टननं डोक्यानं गोल केला आणि बरोबरी झाली. शेवटपर्यंत एक-एक. मग टायब्रेकर. पाच-पाच पेनल्टी. आणि रेफरीनं त्यासाठी गोल निवडला तो पलीकडच्या पेठेसमोरचा.

मी गोलमध्ये उभा राहिलो. माझ्या मागं जाळी, जाळीमागं कुंपण आणि कुंपणाला चिकटून सासरवाडी. पाहुण्यांचा पहिला खेळाडू बॉल ठेवत होता, एवढ्यात मागून ओळखीचा आवाज आला. दबका, पण स्पष्ट.

"डावीकडं पड."

मी दचकलो. आवाज मामांचा होता. सहा वर्षांत त्यांनी मला एकदाही अरे-तुरे केलं नव्हतं. मी विचार केला, हा माणूस पलीकडच्या पेठेचा, डोक्याला रुमाल पलीकडच्या पेठेचा, आणि मला खरं सांगेल? फसवतोय. मी उजवीकडं झेप घेतली. बॉल आरामात डावीकडून आत गेला.

"आयला, बैलोबा हाय," मागून आवाज आला.

आमच्या पोरानं आमची पेनल्टी मारली. पाहुण्यांचा दुसरा खेळाडू आला.

"उजवीकडं. खाली."

आता माझी पंचाईत झाली. मघाशी खरं सांगितलं, म्हणजे आता फसवणार? की मघाशी विश्वास बसावा म्हणून खरं सांगितलं आणि आता गळा कापणार? हा विचार करेपर्यंत मी जागचा हललोच नाही. बॉल उजवीकडून, खालून, आत. मी पुतळ्यासारखा उभा. सगळं स्टेडियम हसलं. आमच्या पेठेनं तर माझ्या पूर्वजांची चौकशी सुरू केली.

आमची दुसरीही आत गेली. दोन-दोन. पाहुण्यांचा तिसरा आला, त्यांचा तो हसरा सेंटर फॉरवर्ड. मी मागं बघितलं. मामांचा चेहरा लालबुंद झाला होता. त्यांनी कुंपणाची जाळी दोन्ही हातांनी धरली होती आणि आता दबकं वगैरे काही नव्हतं.

"परत उजवीकडं पड रं, गाढवा! चार दिवस बघतोय मी त्येला, दुसरीकडं मारायला येतच न्हाय!"

मी उजवीकडं पडलो. बॉल बरगडीवर आदळून बाहेर गेला. बरगडी अजूनही थंडीत दुखते, पण त्या क्षणी मला काही कळलं नाही. कळलं ते एवढंच, की माझ्या मागं एकदम शांतता पसरली होती. तीन-चारशे माणसं बॉलकडं न बघता माझ्या सासऱ्यांकडं बघत होती.

"म्हातारा फुटला!" कुणीतरी ओरडलं.

मग काय झालं ते मला तुकड्यातुकड्यांनीच दिसलं, कारण रेफरी मला पुढं बघा म्हणून दम देत होता. एकानं मामांच्या तोंडावर हात ठेवला. मामांनी हातानं खूण करायचा प्रयत्न केला, तर दोघांनी दोन दंड धरले. तेव्हा ते पाय हलवायला लागले. डावा पाय की उजवा, हे कळायच्या आत त्यांना उचलून मागच्या पायरीवर नेऊन बसवलं. मारलं वगैरे नाही कुणी, जुना गोलकीपर होता त्यांचा. एकानं पाण्याची बाटलीही दिली.

आमची तिसरी आत गेली होती. पाहुण्यांच्या चौथ्यानं बॉल थेट बारच्या वरून मारला, त्यात माझा काही हात नव्हता. मग आमचा कॅप्टन आला. त्यानं बॉल ठेवला, सावकाश मागं आला आणि म्हशीला पाण्यावर न्यावं इतक्या शांतपणे बॉल कोपऱ्यात ढकलला. आम्ही जिंकलो.

पेठेनं मला खांद्यावर घेतलं. मी वरून मामांना शोधत होतो. ते मागच्या पायरीवर एकटे बसले होते. बाजूची माणसं दोन-दोन हात लांब सरकली होती.

संध्याकाळी बायको म्हणाली, "चला, बाबांना भेटून येऊ." सासरवाडीत शिरताना गल्लीतल्या दोन ओळखीच्या माणसांनी मला बघून दारं लावली. मामा पलंगावर बसून टाचेला तेल लावत होते.

मी विचारलं, "मामा, तुम्ही असं का केलं?"

ते चिडले. "जावयासाठी केलं न्हाय. चुकीच्या बाजूला पडणारा गोलकीपर मला बघवत न्हाय. मग तो कुणाचा का असंना." जरा थांबून म्हणाले, "आणि पहिल्या येळेला ऐकलं असतंस तर एवढं वरडावं लागलं नसतं."

त्या दिवसापासून त्यांच्या पेठेनं त्यांना वाळीत टाकलं. म्हणजे चौकातल्या कट्ट्यावर त्यांची जागा होती, तिथं आता एक कुंडी ठेवली. दुसऱ्या फेरीपर्यंत महिना होता. तो महिना मामा रोज सकाळी आमच्याकडं यायचे आणि मी गारगोटीची एसटी धरण्यापूर्वी मला गच्चीवर झेपा घ्यायला लावायचे. गादी टाकून. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी दोनदा विचारलं, "वर काय, कुणी पडलं का?" बायको सांगायची, "रोज पडतात, काळजी करू नका."

दुसरी मॅच पार ईशान्येकडं होती. मॅनेजरनं मामांना विचारलं आणि अर्जावर 'गोलकीपर प्रशिक्षक, विनावेतन' असं लिहून टाकलं. तीन दिवसांच्या गाडीत मामांनी आमच्या पेठेच्या पोरांना पलीकडच्या पेठेचे पराक्रम सांगितले. पोरांनी ऐकूनही घेतले. गाडीतून उतरता येत नव्हतं.

तिथं आम्ही पाच-शून्यानं हरलो. समोरची पोरं डोंगरावर वाढलेली, धापच लागत नव्हती. त्यांच्या सेंटर फॉरवर्डचं कपड्यांचं छोटं दुकान होतं आणि त्यानं तीन गोल केले. चौथा गोल झाल्यावर मी मामांकडं बघितलं. ते डोळे मिटून बसले होते. मॅच संपल्यावर मी बूट काढत होतो तेव्हा ते शेजारी येऊन बसले. मला वाटलं आता धीराचे चार शब्द बोलतील.

"पाच गेले," ते म्हणाले. "पण त्यात तीन येळेला बाजू बरोबर धरलीस." आणि माझ्या बुटाची गाठ सुटेना, ती त्यांनी दातानं सोडवून दिली.

परत आल्यावर काही दिवस मामा आमच्याकडं आलेच नाहीत. मी काळजीनं एका संध्याकाळी स्कूटर काढून सासरवाडीकडं निघालो. चौकात गर्दी. कट्ट्यावरची कुंडी खाली उतरवली होती. पंचवीस-तीस माणसं गोल करून उभी होती आणि हसून हसून एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती. मी टाचा उंच करून बघितलं. मध्यभागी, रस्त्यावर, पांढऱ्या लेंग्यात माझे सासरे आडवे पडले होते. एक हात वर, एक पाय वाकडा, तोंड उघडं. मी कसे गोल खाल्ले ते ओळीनं करून दाखवत होते.

"हा तिसरा!" ते रस्त्यावरूनच म्हणाले.

मला राहवलं नाही. मी मागून म्हटलं, "मामा, हा चौथा. तिसऱ्याला मी उभाच होतो."

सगळी माणसं वळली. मामा उठले, लेंगा झटकला. जरा ओशाळल्यासारखे झाले, पण फार नाही.

"व्हय की," ते म्हणाले. "तिसऱ्याला उभाच होता. करून दाखवा की पावणं, मला ते नीट जमंना झालंय."

मी स्कूटर स्टँडवर लावली आणि पलीकडच्या पेठेच्या चौकात, त्यांच्या कट्ट्यासमोर, तिसऱ्या गोलला उभा होतो तसा उभा राहिलो.