लाल शाईतला शब्द

स्लाइडअण्णांना उजेड दिसला की राहवत नसे. बनशंकरीच्या बसची खिडकी असो नाहीतर वाण्याच्या दुकानातली ट्यूबलाइट, खिशातून स्लाइड काढायची, एक डोळा मिटायचा आणि शेजारच्याला म्हणायचं, "स्वल्प बघा हो, ह्याचा हात कुठं आहे!" शेजारचा बिचारा भाजीची पिशवी सांभाळत इटलीतलं पाचशे वर्षांपूर्वीचं चित्र बघे.

ते कलेचा इतिहास शिकवत. त्यांच्या संशोधनाचा विषय मात्र चारचौघांत काढायची सोय नव्हती: प्रबोधनकाळातल्या इटालियन चित्रांमधलं पुरुषांचं पुरुषांवरचं प्रेम. नव्वदच्या दशकात आमच्या बेंगळुरूच्या मराठी मंडळात हा विषय निघाला की सगळ्यांना एकदम चहा आठवायचा. अण्णा पुराव्याचे पक्के. एका चित्रातली दोन तरुणांची मिठी बघून मी उत्साहानं "हे प्रेमीच!" म्हटलं, तर माझ्यावरच उखडले. "कागद कुठं आहे अक्का? प्रत्येक मिठी तसली नसते. पण कागद सापडला, की मग लाजायचं नाही."

मंडळाच्या दिवाळी अंकासाठी मी त्यांचा लेख घेतला. मुद्रितंही मीच तपासली. लेखातल्या एका चित्रकाराच्या पत्रात स्पष्ट 'प्रियकर' होतं. मी घाबरले आणि गुपचूप 'मित्र' केलं. अंक बघून अण्णा ओरडले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, "पाचशे वर्षं टिकलेला शब्द तुम्ही एका दुपारी खोडलात." मग मंडळात बसून प्रत्येक प्रतीत लाल शाईनं तो दुरुस्त केला. शेजारी राजण्णा शाई टिपत होते. अण्णांच्या घरात वीस वर्षं राहणारे राजण्णा. आम्ही त्यांना 'अण्णांचे मित्र' म्हणायचो. तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

दोन वर्षांनी अण्णा गेले. झोपेतच गेले. शोकसभेचं निवेदन मी लिहिलं आणि राजण्णांना वाचून दाखवलं: 'त्यांच्यामागे त्यांचे मित्र राजण्णा आहेत.'

राजण्णांनी टेबलाचा खण उघडला. मग अण्णांचं लाल पेन त्यांनी माझ्यापुढे धरलं.

"अक्का, तो एक शब्द स्वल्प सरी करा. दुरुस्त करा."

मला रडू आवरेना. "सगळ्यांसमोर वाचायचंय, राजण्णा."

"अण्णांनी सगळ्या प्रतींत केला होता की."

शोकसभेत मी निवेदन मोठ्यानं वाचलं. 'त्यांच्यामागे त्यांचे प्रियकर राजण्णा आहेत.' पहिल्या रांगेत राजण्णा ताठ बसले होते.

त्या दिवशी कोणालाही चहा आठवला नाही.