सुमीचा हुंकारा

मास्तर लोकांकडे किस्से साचायला वेळ लागत नाही. हसण्याचे आपण चहाबरोबर सांगून मोकळे होतो, लाजेचे तळाशी राहतात. आमची शाळा अल्लीपूरच्या पुढच्या एका खेड्यात होती. वर्धा जिल्हा मुंबई राज्यात गेला त्या सुमाराचे हे किस्से, सगळे तळाचेच.

*

सुमी दुसरीत आली तेव्हा हेडगुरुजींनी तिला नाव विचारलं. ती 'सु'वर अडकली. डोळे मिटले, मान हलली, पुढचं अक्षर काही येईना.

"काऊन वं, नाव सांगाले एवढा टाइम?" गुरुजी म्हणाले. "तोवर तं वर्ध्याची मोटार निघून जाईन."

वर्ग हसला. आम्ही मास्तरही हसलो. त्यानंतर सुमीनं शाळेत तोंडच उघडलं नाही.

*

आमच्यातले देवळे मास्तर तिला रोज शंखातलं पाणी पाजू लागले. वाचा मोकळी होते म्हणे! पोरीला सर्दी तेवढी झाली. तिनं पाटीवर चित्र काढलं: एक पोरगी शिंकतेय आणि त्या शिंकेनं मास्तरांची टोपी उडून चाललीय.

देवळ्यांनी शंख घरी नेला. मी सुमीच्या हातात गेरू दिला आणि वर्गाची भिंत दाखवली.

*

मी कोल्ह्याची गोष्ट सांगायचो, ती भिंतीवर काढायची. आमच्याकडे गोष्टीला हुंकारा लागतो. ऐकणाऱ्यांतल्या एकानं दर वाक्याला 'हूं' म्हणायचं. तो थांबला की सांगणाराही थांबतो.

ते काम मी सुमीला दिलं. 'हूं'वर ती कधीच अडकली नाही. पुढे 'हूं, मंग?' आलं. 'मंग'वर अडकली तर कोणी हसायचं नाही, गुपचूप वाट पाहायची, असा वर्गाचा नियम झाला.

*

एकदा तिचा बाप आला. "गुरुजी, घरी कोनी बोललं का हे हूं हूं करते. मायले वाटलं, ताप चढला."

आम्ही हसलो. तो हसला नाही.

"दिवाळीपावतर बोलली नाई तं वावरात नेतो. कापूस वेचाले बोलाव नाई लागत."



*

दिवाळीच्या तोंडावर तपासणीचे साहेब आले. हेडगुरुजींनी सुमीला सकाळीच खिडकीबाहेरच्या ओट्यावर बसवलं. "साहेबानं हिलेच उभी केली तं? आपली इज्जत जाईन, न् हिचं नाव काटतीन."

मी फळा पुसत राहिलो. खिडकीतून तिची वेणी दिसत होती. मला तिकडे पाहायची लाज वाटत होती.

साहेबांना भिंत आवडली. म्हणाले, "गुरुजी, या कोल्ह्याची गोष्ट सांगा बरं."

हेडगुरुजींनी पहिलं वाक्य सांगितलं आणि सवयीनं थांबले. पण पोरांना हाताची घडी, तोंडाला कुलूप असं बजावलेलं. हुंकारा कोण देणार? गुरुजी घाम पुसू लागले.

खिडकीबाहेरून आवाज आला, "हूं. म… म… मंग?"

साहेब वळले. "ती कोणाची मुलगी बाहेर बसलीय?"

हेडगुरुजींचा चेहरा उतरला. "आ… आ…" शब्द पुढे सरकेना.

वर्गात कोणी हसलं नाही. हाताची घडी घालून सगळी पोरं वाट पाहत बसली.

"आमची," गुरुजी म्हणाले. "आमची आहे, साहेब."